घर नदीकाठी, बँक म्हणते पूरविमा घ्याच. हे सरकारी प्रकरण सुरू कसं झालं?

रेवती_एन

नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियात विल्क्स-बॅरीच्या थोडं वर, वेस्ट पिटस्टनमध्ये आम्ही एक घर बघितलंय. सस्क्वेहाना नदीपासून दोन गल्ल्या आत. जुनं लाकडी घर, पुढे ऐसपैस व्हरांडा, मागे मेपलचं झाड. नवऱ्याला व्हरांडा आवडला, मला किंमत आवडली. किंमत कमी का, ते बँकेचं पत्र आल्यावर कळलं. घर नकाशात एई झोनमध्ये येतं, म्हणजे पूरक्षेत्र. पूरविमा काढल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही.

मी म्हटलं, घराचा विमा तर काढतोच आहोत. एजंट बाई म्हणाल्या, त्यात आग येते, झाड पडलं तर येतं, चोरी येते. नदीचं पाणी येत नाही. त्याची पॉलिसी वेगळी आणि ती सरकारच्या योजनेतली.

घर बघायला गेलो तेव्हा शेजारचे एक आजोबा कुंपणाशी येऊन बोलत होते. म्हणाले, १९७२ साली ॲग्नेस वादळ आलं तेव्हाही हा विमा होता, सरकारनं अगदी स्वस्त करून ठेवला होता, पण गल्लीत एकाकडेही नव्हता. हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. स्वस्त होता, नदी समोर होती, मग घेतला का नाही? आणि मुळात सरकार विमा का विकतं? सक्ती कधी आली? कुणाला या भागाची माहिती असेल तर सांगा. निर्णय या महिन्यात घ्यायचाय.

हिशेबी_माणूस

सोपं आहे. सरकार धंद्यात पडलं की असंच होतं. नदीत घर बांधणाऱ्याचा हप्ता बाकीच्यांनी का भरायचा? कॅटरिना वादळानंतर ही योजना सरकारी तिजोरीच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडाली, २०१७ मध्ये त्यातलं १६ अब्ज डॉलर कर्ज काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, सरळ माफ केलं. दुसरं घर बघा.

काठावरचा_काका

रेवती, घर घे की नको हे नंतर बोलू. आधी आजोबांचं. ते खरं सांगतायत.

मी मूळचा मिरजेचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बायकोला इथल्या इस्पितळात रेसिडेन्सी मिळाली म्हणून या खोऱ्यात आलो. हातात बी.कॉम.ची पदवी. किंग्स्टनमधल्या एका विमा एजन्सीत टेबलावर बसलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो. त्या कचेरीत भिंतीवर छातीच्या उंचीला एक तपकिरी रेघ होती, रंग दिला तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा वर यायची. ॲग्नेसच्या गाळाची. जुने लोक तिच्यावर बोट ठेवून गोष्ट सुरू करायचे, त्यामुळे मी १९७२ बघितलं नसलं तरी पाठ आहे.

सरकार विमा का विकतं? कारण खासगी कंपन्यांनी हात पोळून घेतले होते. १८९५-९६ च्या पुरांनंतर मिसिसिपी आणि मिसुरीच्या काठावर एका कंपनीनं पुराचा विमा विकायला सुरुवात केली. १८९९ मध्ये पाठोपाठ दोन पूर आले आणि ती बुडाली. इलिनॉयमधल्या कैरो गावातली तिची कचेरीसुद्धा पाण्यात गेली म्हणतात. मग १९२० च्या दशकात बऱ्याच आगविमा कंपन्यांनी पुन्हा प्रयत्न केला. १९२७ चा मिसिसिपीचा महापूर आणि १९२८ चे पूर झाले आणि सगळ्यांनी दुकान गुंडाळलं. आग लागते एका घराला, हप्ता भरतात हजार घरं. पुराचं तसं नाही. टेकडीवरचा माणूस विमा घेत नाही, काठावरचा घेतो, आणि काठावरचे बुडतात ते सगळे एकाच रात्री. खरा दर लावला तर काठावरच्याला परवडत नाही. परवडेल असा लावला तर कंपनी टिकत नाही.

मग सरकारचं नाव पुढे आलं. १९५१ च्या जुलैत कॅन्सस नदीनं कॅन्सस सिटी बुडवली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन शेजारच्याच इंडिपेंडन्स गावचे. त्यांनी काँग्रेसकडे सरकारी पूरविम्याची मागणी केली. काँग्रेसनं ऐकून घेतलं, केलं काही नाही. १९५५ मध्ये डायेन वादळानं कनेक्टिकटपासून आमच्या स्ट्राउड्सबर्गपर्यंत हाहाकार केला, तेव्हा कुठे १९५६ मध्ये कायदा झाला, आयझेनहॉवर यांनी सही केली. विमा देणारं सरकारी खातंही उघडलं. आणि पुढच्या वर्षी काँग्रेसनं त्याला पैसेच दिले नाहीत! एक पॉलिसी विकली न जाता खातं बंद.

इथपर्यंतचा इतिहास दर वेळी तोच आहे. पूर आला की कायदा, पाणी ओसरलं की उत्साहही ओसरला. पुढचं जेवण झाल्यावर लिहितो, बोटं दुखतात.

बायूकाठची

काका, जेवून या, तोवर आमची बाजू सांगते. न्यू ऑर्लिन्समध्ये बरीच वर्षं राहिलेय. सध्याच्या योजनेचं मूळ आमच्याकडे आहे: बेट्सी वादळ, सप्टेंबर १९६५. बांध फुटले, लोअर नाइन्थ वॉर्ड पाण्याखाली गेला, लोक माळ्यावर चढून छप्पर फोडून बाहेर आले. नुकसान अब्ज डॉलरच्या वर गेलेलं हे इथलं पहिलं वादळ. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुसऱ्याच दिवशी आले होते आणि अंधारात शाळेतल्या निर्वासितांना भेटले होते. त्याच वर्षी जो मदतीचा कायदा झाला त्यात, पूरविमा शक्य आहे का याचा अभ्यास करा असं कलम घातलं गेलं. त्या अभ्यासातून १९६८ चा कायदा आला.

आणि हिशेबीभाऊ, 'दुसरं घर बघा' म्हणणं सोपं आहे. त्या वॉर्डातली बरीच घरं लोकांच्या स्वतःच्या मालकीची होती, आजोबा-पणजोबांपासूनची. दुसरं बघायला पहिलं विकावं लागतं. बुडालेलं घर कोण घेतो?

काठावरचा_काका

बायूकाठची, धन्यवाद, माझं अर्धं काम केलंत.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये जॉन्सन यांनी सही केली ती गृहनिर्माणाच्या मोठ्या कायद्यावर. पूरविमा त्यात एक प्रकरण होतं. ॲग्नेसपर्यंतच्या चार वर्षांत काय झालं ते नीट बघ रेवती, कारण तुझ्या आजोबांच्या गल्लीचं उत्तर त्यात आहे.

योजना होती सौद्याची. वॉशिंग्टन म्हणालं, जुन्या घरांना आम्ही सवलतीत विमा देऊ, कारण ती बांधली तेव्हा बिचाऱ्यांना पूररेषा माहीत नव्हती. त्या बदल्यात गावानं नियम करायचा की यापुढे नदीच्या पात्रालगत मनमानी बांधकाम होऊ देणार नाही, नवं घर बांधलं तर जोतं उंच. नव्या घराला खरा दर. जुनी घरं हळूहळू मोडतील, नवी उंचावर येतील आणि सवलत आपोआप संपेल, अशी कल्पना. यामागे बरंचसं डोकं गिल्बर्ट व्हाइट नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकाचं. ते कित्येक वर्षं सांगत होते की नुसते बांध घालून भागणार नाही, माणसांनी काठावर कुठे आणि कसं राहावं याचाही विचार करा. पण त्यांनी आणि त्यांच्या समितीनं १९६६ मध्ये बजावलंही होतं की असला विमा घाईनं आणि चुकीच्या पद्धतीनं वाटलात तर लोक काठावरून उठायच्या ऐवजी आणखी येतील.

पॉलिसी विकायची ती गावातल्याच एजंटानं. मागे खासगी कंपन्यांचा एक गट आणि तुटीचा भार सरकारवर. गृहनिर्माण खात्यात जॉर्ज बर्नस्टीन हे पहिले प्रशासक.

अडलं कुठे? सवलत असली तरी त्या-त्या गावाचा धोका मोजून दर ठरवायचा होता. म्हणजे प्रत्येक नदीचा, प्रत्येक वळणाचा अभ्यास, मोजणी, नकाशे. वर्षं लागणार. १९६९ च्या ऑगस्टमध्ये कमिल वादळानं मिसिसिपी राज्याचा किनारा धुऊन काढला तेव्हा अख्ख्या देशात योजनेत आलेली गावं बोटावर मोजण्याइतकी होती. मग त्या डिसेंबरात तातडीची तरतूद झाली: नकाशा नंतर करू, गावानं नियमांची हमी द्यावी, सवलतीच्या सरसकट दरानं विमा लगेच सुरू.

आता विल्क्स-बॅरी. हे कोळशाचं शहर. १९५९ मध्ये नॉक्स खाणीत नदी छत फोडून आत घुसली, बाराजण गेले, आणि खोल खाणींचा धंदा त्यानंतर उठलाच नाही. त्यामुळे सत्तरच्या सुमाराला इथं पैसा कमी आणि म्हातारी माणसं जास्त. घरं कर्जमुक्त. हे लक्षात ठेव, पुढं लागेल.

मिरज-सांगलीत जसं 'आयर्विन पुलाला किती फूट' असं विचारतात, तसंच इथं नदीचं फुटांत बोलतात. १९३६ मध्ये पाणी ३३ फुटांवर गेलं होतं. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी बांध घातला, ३७ फुटांचं पाणी रोखेल असा. ३३ आलेलं, ३७ बांधलेलं. चार फूट वर! लोक त्या बांधावर संध्याकाळी कुत्री फिरवायचे. अशा माणसाकडे एजंट जाऊन म्हणतो, साहेब पुराचा विमा घ्या. तो खिडकीतून बांधाकडे बोट दाखवायचा. आमच्या एजन्सीचे मालक सांगायचे, १९७१-७२ मध्ये त्यांनी स्वतः हा विषय काढणंच सोडून दिलं होतं. हप्ता इतका लहान की कमिशन पेट्रोललाही पुरत नसे, आणि गिऱ्हाईक वर हसत असे.

२३ जून १९७२, शुक्रवार. पहाटेपासून हजारो माणसं, त्यात शाळा-कॉलेजची पोरं, बांधावर वाळूची पोती रचत होती. सकाळी उशिरा भोंगे वाजले, सगळं सोडून पळा. पाणी ४०.९ फुटांवर जाऊन थांबलं. फोर्टी फोर्टच्या स्मशानातून दोनेक हजार शवपेट्या वाहून गेल्या, लोकांच्या अंगणात, व्हरांड्यांत येऊन पडल्या. तिकडे हॅरिसबर्गला गव्हर्नर शॅप यांना स्वतःच्या निवासस्थानातून नावेनं बाहेर काढावं लागलं. तोवरचं अमेरिकेतलं सगळ्यात महागडं वादळ ठरलं हे.

आणि विमा? योजना सुरू होऊन तीन वर्षं उलटली होती. शहरात हजारो घरं पाण्यात, आणि चालू पॉलिसी विचारशील तर नगण्य. आमच्या मालकांच्या गिऱ्हाइकांत एकही नव्हती, हे ते मान खाली घालून सांगायचे. गृहनिर्माण खात्याचे लोक दावे मोजायला आले, पण मोजायला दावेच नव्हते.

(अवांतर: आमच्या खासदारांचं आडनाव फ्लड. डॅन फ्लड. मिशांना मेण लावायचे, तरुणपणी नाटकात कामं केलेली. पण काँग्रेसच्या खर्चाच्या समितीत वजन मोठं, त्यामुळे हेलिकॉप्टरं, लष्कर, पैसा सगळं या खोऱ्यात भराभर आलं. या भागात अजून त्यांचं नाव आदरानं घेतात.)

कृष्णाकाठ

काका, मिरजेचे म्हणालात म्हणून लिहितोय. मी सांगलीत गावभागात राहतो. तुमची 'बांधाकडे बोट' ही गोष्ट इथं जशीच्या तशी घडते, फक्त बोट २००५ च्या खुणेकडे असतं. 'तेव्हा इथपर्यंतच आलं होतं.' २०१९ मध्ये त्या खुणेच्याही वर गेलं. आयर्विनला ४० ला इशारा आणि ४५ ला धोका हे पोरांनाही पाठ आहे, पण माझ्या ओळखीच्या किती दुकानदारांनी विमा काढला होता म्हणाल तर बँकेची कॅश क्रेडिट ज्यांना होती त्यांनी. तोही बँकेनं परस्पर काढलेला. बाकी सगळ्यांनी पंचनामा आणि सानुग्रह अनुदानाची वाट बघितली.

आपल्याकडे घराच्या विम्यात पूर वगळलेला नसतो, हा फरक आहे. आगीच्या पॉलिसीतच वादळ-पूर येतो, २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीतही आहे. सरकारी सवलत आहे ती पिकाला: प्रधानमंत्री पीक विम्यात खरिपाला शेतकऱ्यानं दोन टक्के भरायचे, राज्यानं २०२३ मध्ये तर ते एक रुपयावर आणलं होतं. घरासाठी मात्र असं काही नाही. असतं तर घेतला असता का? आमच्या गल्लीचं सांगतो, नसता.

हिशेबी_माणूस

एक मिनिट. कारण उघड आहे आणि काका त्याच्याभोवती फिरतायत. बुडाल्यावर सरकार फुकट पैसे देतं हे लोकांना माहीत असतं. मग हप्ता कशाला भरतील? फुकटची मदत बंद करा, उद्या रांगा लागतील.

काठावरचा_काका

हिशेबी, तुमच्या म्हणण्यात दम आहे आणि तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. १९७२ हे निवडणुकीचं वर्ष. निक्सन यांनी फ्रँक कार्लुची यांना खास प्रतिनिधी म्हणून इथं बसवलं, ते याच भागातले. ऑगस्टमध्ये काँग्रेसनं कायदा केला: सरकारी आपत्ती कर्जातले पहिले पाच हजार डॉलर माफ आणि उरलेल्यावर व्याज एक टक्का. तेव्हा सवलतीच्या पॉलिसीत घरातल्या सामानाची मर्यादा होती पाच हजार डॉलर, आणि एका घराची साडेसतरा हजार. आता समजा दोन शेजारी आहेत. एकानं इमानदारीत विमा घेतला होता, त्याचं नुकसान विम्यातून भरून निघालं, म्हणून तेवढं कर्ज त्याला कमी. दुसऱ्यानं एक सेंट भरला नव्हता, त्याला पाच हजार फुकट. गावानं यातून काय शिकावं? काँग्रेसलाच हे इतकं बोचलं की १९७३ च्या एप्रिलमध्ये ती माफी काढून टाकली.

पण 'माहीत होतं म्हणून घेतला नाही' हे मला पटत नाही. पाच हजारांची माफी पूर येऊन गेल्यानंतर ठरली. जूनमध्ये पोती रचणाऱ्याला ऑगस्टचा कायदा कसा माहीत असणार? फिलाडेल्फियात व्हार्टन बिझनेस स्कूलमध्ये हॉवर्ड कुनरूथर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी सत्तरच्या दशकात पूर आणि भूकंपाच्या भागांतल्या घरमालकांना घरोघरी जाऊन हेच विचारवलं. बहुतेकांनी सांगितलं की सरकार मदत करेल असा हिशेब आम्ही धरलेलाच नाही. मग विमा का नाही? पुष्कळांना असा विमा मिळतो हेच ठाऊक नव्हतं. काहींना त्याची किंमत ठाऊक नव्हती. उरलेल्यांना पूर आपल्या दारात येईल असं वाटतच नव्हतं. माझ्या टेबलावर बसलेली माणसंही अशीच होती. लबाड एखादा, बाकीचे नुसते निर्धास्त.

म्हणून मी म्हणतो की सवलतीचा मुद्दा दोन्ही बाजूंनी फुगवलेला आहे. हप्ता कमी केला तर लोक धावत येतील हे वॉशिंग्टनचं गृहीतक होतं आणि ते पहिल्या चार वर्षांतच आपटलं. ॲग्नेसनंतर दर आणखी उतरवले, शंभर डॉलरमागे पंचवीस सेंट. १९७३ च्या कायद्यानं मर्यादा दुप्पट झाली तेव्हा पस्तीस हजारांच्या घराला वर्षाचे साडेसत्त्याऐंशी डॉलर पडत. आमच्या कचेरीत ते दरपत्रक काचेखाली ठेवलेलं होतं. इतकं स्वस्त, शिवाय थोड्याच काळापूर्वी सगळं बुडालेलं. तरीही नुसत्या स्वस्ताईनं आपणहून आलेले थोडेच.

आणलं कुणी? बँकेनं. ३१ डिसेंबर १९७३ ला निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात दोन खिळे होते. गाव योजनेत आलं नाही तर पूरक्षेत्रात केंद्राचा पैसा नाही. आणि गाव आलं, तर नकाशात पूरक्षेत्रात येणाऱ्या घरावर केंद्राच्या देखरेखीखालची कुठलीही बँक विम्याशिवाय कर्ज देणार नाही. रेवती, तुझ्या हातातलं पत्र त्या कायद्याचं आहे. विल्क्स-बॅरी त्याचं एकमेव कारण नव्हे. पण काँग्रेसमध्ये 'लोक आपणहून घेत नाहीत' हे सांगताना ॲग्नेस हाच मोठा दाखला होता.

मी एजंट असताना दोन प्रकारची माणसं पूरविमा घ्यायला यायची. पहिली, हातात बँकेचं पत्र घेऊन आलेली, कपाळावर आठी. दुसरी, पूर येऊन गेल्यावर महिनाभर. मी यायच्या आधीही तेच: १९७५ मध्ये एलोईस वादळ आलं, पाणी ३५ फुटांवर गेलं, बांधानं धरलं. पुढचं वर्षभर लोक म्हणाले, बघा, बांध टिकला, हप्ता वाया गेला. कर्ज फिटलं की दुसऱ्या महिन्यात फोन: काका, ती पुराची पॉलिसी बंद करा. एका बाईंचं घर नदीपासून हाकेवर होतं. कर्ज फेडल्याचा कागद आणि पॉलिसी रद्द करायचा अर्ज त्यांनी एकाच पाकिटात पाठवला होता, वर नाताळच्या शुभेच्छा. मी फोन करून पुष्कळ समजावलं. त्या म्हणाल्या, तुम्ही फार चांगले आहात पण तुम्हाला कमिशन मिळतं.

आता वर म्हटलं होतं ते, घरं कर्जमुक्त. सक्तीचा सगळा जोर कर्जावर. ज्याच्यावर कर्ज नाही त्याच्यापर्यंत कायदा पोचतच नाही. आणि या खोऱ्यात कर्ज नसलेले म्हणजे म्हातारे, ज्यांना घर पुन्हा उभं करायची ताकद सगळ्यात कमी. ही फट पहिल्या दिवसापासून आहे, अजून तशीच आहे.

बायूकाठची

आणखी एक फट. बांधामागच्या घरांचं काय? बांध मान्यताप्राप्त असला की त्याच्यामागची घरं नकाशात पूरक्षेत्राबाहेर जातात, सक्ती उठते. कॅटरिनाच्या वेळी आमच्याकडे अशी कितीतरी घरं होती. 'सक्ती नाही' याचा अर्थ लोक 'पाणी नाही' असा घेतात.

काठावरचा_काका

अगदी. आणि रेवतीसाठी हाच मुद्दा महत्त्वाचा आहे, पण उलट्या बाजूनं. ॲग्नेसनंतर कितीतरी वर्षांनी आमच्या विल्क्स-बॅरी-किंग्स्टनकडचे बांध तीन ते पाच फुटांनी उंच केले. २०११ च्या सप्टेंबरात ली वादळाचं पाणी ४२.६६ फुटांवर गेलं, ॲग्नेसपेक्षा वर. नदीचं मापकच अडतीस फुटांच्या पुढे मोजू शकलं नाही, खरा आकडा नंतर कळला. बांधांनी धरलं, शहर वाचलं. वेस्ट पिटस्टनला बांध नाही. तिथं पाणी घराघरांत गेलं. तुझं घर १९७२ मध्येही भिजलं असणार आणि २०११ मध्येही. मालकाला स्पष्ट विचार, किती फूट आलं होतं. तळघराच्या भिंतीवर खूण शोध. नवीन रंग दिसला तर जास्त बारकाईनं बघ.

रेवती_एन

काका, बायूकाठची, कृष्णाकाठ, सगळ्यांचे आभार. तळघर पांढरंशुभ्र रंगवलेलं आहे :( आता तो रंग किती जुना हे विचारणार.

हप्त्याचा अंदाज काढला तर मालक सध्या भरतो त्याच्यापेक्षा आम्हाला बराच जास्त सांगितलाय. एकाच घराला दोन दर कसे? आणि समजा घर घेतलं, तर पहिल्या दिवसापासून विमा लागू होतो का?

काठावरचा_काका

दोन दर आहेत ते त्या जुन्या सवलतीमुळे. नकाशे यायच्या आधीच्या घरांना १९६८ पासून जी सूट होती तिचं शेपूट अजून वळवळतंय. २०२१ पासून दर प्रत्येक घराचा धोका बघून ठरतो, पण जुन्या पॉलिसीधारकाला एकदम पूर्ण दर लावत नाहीत, राहत्या घराला वर्षाला जास्तीत जास्त अठरा टक्के वाढवत नेतात. तू नवीन पॉलिसी काढलीस तर थेट पूर्ण दर. म्हणून नवीन काढू नकोस. मालकाची चालू पॉलिसीच तुझ्या नावावर वर्ग करून घे, ते करता येतं आणि त्याची सूटही तुझ्याकडे येते. खरेदीच्या करारातच तसं लिहून घे. त्यानं मध्ये एक हप्ता चुकवला आणि पॉलिसी खंडित झाली तर सूट गेली, म्हणून पावती बघ.

एरवी नवीन पॉलिसी काढली की तीस दिवस थांबावं लागतं, वादळ टीव्हीवर दिसल्यावर धावत येणाऱ्यांसाठी ठेवलेला नियम आहे. कर्जासोबत काढली तर ती अट नाही.

घराला अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख ही वरची मर्यादा. सामानाचा विमा बँक मागत नाही, म्हणून लोक घेत नाहीत, तू घे. तळघरातलं मात्र फारसं काही मिळत नाही. भट्टी, पाणी तापवायचा बंब, वीजफलक अशा मोजक्या वस्तू धरतात. गालिचा, सोफा, पेट्या, लग्नाचे अल्बम यातलं काही नाही. सर्वेक्षकाकडून घराच्या उंचीचा दाखला काढून घे, खर्च होईल, पण जोतं त्यांनी धरलंय त्यापेक्षा उंच निघालं तर हप्ता उतरू शकेल.

हिशेबी_माणूस

मी अजूनही म्हणतो दुसरं घर बघा. पण पॉलिसी वर्ग करून घ्यायचं मला माहीत नव्हतं. माझ्या मेव्हण्याला कळवतो, तो न्यू जर्सीत नदीकाठीच घेतोय.

रेवती_एन

मालकाला फोन केला. पॉलिसी चालू आहे, पावती पाठवतो म्हणाला. २०११ मध्ये पाणी तळमजल्याच्या खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं होतं, हे त्यानं विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही. आता किमतीवर पुन्हा बसतोय. सर्वेक्षक पुढच्या मंगळवारी येतोय, दाखला आला की इथं आकडे टाकते.